घर पाडण्याआधी एक बेरीज

परवा दादाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गावच्या घराचा नवा प्लॅन टाकला. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही, तर संध्याकाळपर्यंत दोन फोन. "तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सांग ना!" ग्रुपवर लिहिलं की भांडण होतं, हा अनुभव आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नातेवाईक वाचतातच. बाकीच्यांनी आपापल्या गावचं घर डोळ्यांपुढे आणावं.

तर प्रस्ताव असा. राजापूर तालुक्यातलं आमचं घर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ते पाडायचं आणि त्याच जागी हजार चौरस फुटांचं स्लॅबचं घर बांधायचं. वर सोलार बसवायचं, म्हणजे घर 'ग्रीन' झालं. दादाची तळमळ खरी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्या 'ग्रीन' शब्दापाशी मी अडलो.

आपण घराचा पर्यावरणाशी संबंध जोडतो तो वीजबिलावरून. एलईडी लावले, पाच स्टारचा फ्रीज घेतला, झालं. पण सिमेंट, सळई, विटा तयार होतानाच जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, त्याचं बिल आपल्या नावावर कधी येत नाही. इंजिनियर लोक त्याला एम्बॉडीड कार्बन म्हणतात. आपण म्हणू, गृहप्रवेशाच्या आधीच खर्ची पडलेला कार्बन. तो मोजायची पद्धत किराणामालाच्या यादीसारखी आहे. कुठला माल किती किलो, आणि दर किलोमागे किती कार्बन. गुणाकार करा, बेरीज करा. पुढे वाहतूक, बांधकाम, दुरुस्ती आणि शेवटी पाडकाम हेही त्यात धरतात.

मी दादाच्या प्लॅनची यादी केली. आपल्याकडचे ठोकताळे सगळ्या कंत्राटदारांना पाठ असतात. चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट, म्हणजे ४०० गोणी, २० टन. सळई चौरस फुटाला ४ किलो, म्हणजे ४ टन. विटा ८ हजार.

आता कार्बन. साधं ओपीसी सिमेंट, अंदाजपत्रकात '५३ ग्रेड' लिहिलंय ते, किलोला सुमारे ०.८५ किलो. म्हणजे १७ टन. आपल्या देशातलं पोलाद टनाला सरासरी अडीच टनांच्या आसपास. म्हणजे १० टन. कोळशावर भाजलेल्या विटांचे ५ टन धरा. झाले ३२ टन. वाळू, खडी, ट्रकचं डिझेल यात धरलेलंच नाही.

३२ टन म्हणजे किती? गावच्या घराला महिन्याला १५० युनिट वीज लागते असं समजू. आपल्या ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. वर्षाचे होतात सव्वा टन. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांचं वीजबिल आपण एका वर्षात, घरात दिवा लागायच्या आधीच भरून मोकळे होणार!

सिमेंटचं तर मला खरंच आश्चर्य वाटलं. मी समजत होतो की भट्टीच्या इंधनाचा हा दोष. पण शाळेत शिकलो होतो ते आठवा. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो दगडातच असतो. सिमेंटच्या कार्बनपैकी निम्म्याहून जास्त हा असा दगडातून येतो, आणि भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो येतच राहणार. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, तो उगाच नाही.

आणि आपला चिरा? तो खाणीत मऊ असतो म्हणून कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. भट्टी नाही, कोळसा नाही. आमचे चिरे ज्या खाणीतले, ती गावाच्या वेशीवरच आहे. लॉरी बेकर सांगत की गांधीजींनी त्यांना पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधायला सांगितलं होतं. आमच्या पणजोबांनी बेकरांचं नावही ऐकलं नसेल. बैलगाडीच तेवढी जात असे, एवढंच.

बंगळूरच्या आयआयएससीमधल्या वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ साली हाच हिशोब ऊर्जेच्या भाषेत मांडला होता. आरसीसी सांगाड्याच्या बहुमजली इमारतीला चौरस मीटरमागे ४.२ गिगाज्यूल, भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींच्या घराला २.९, आणि माती-सिमेंटच्या दाबीव विटांच्या घराला १.६. भिंतीनेच भार पेलला तर किती फरक पडतो बघा. आमच्या भिंती आज उभ्या आहेत आणि भार पेलताहेत. त्या पाडून कॉलम उभे करायचे, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर काकू मला घरात घेणार नाही. वर्षाचे बारा महिने तिथे राहते ती एकटी काकू. आम्ही गणपतीत चार दिवस जातो, ओटीवर बसून "काय गारवा आहे!" म्हणतो आणि परत येतो. माकडं कौलं फोडतात. वाशांना वाळवी लागलीय. पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही. रात्री पाऊस वाढला की बादल्या मांडत फिरते ती काकू, आणि न्हाणीघर अजून मागच्या दारी, अंगणापलीकडे. गेल्या पावसाळ्यात ती फोनवर म्हणाली, "तुम्हाला जुनं घर आवडतं रे, पण ते पुसावं मला लागतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः पुण्यात आरसीसीच्या फ्लॅटमध्ये राहतो, हेही कबूल करून टाकतो.

म्हणून माझं म्हणणं 'आहे तसं राहू द्या' असं मुळीच नाही. काकूला कोरडं छप्पर हवंय आणि घरातल्या घरात न्हाणीघर. तिने स्लॅब मागितलेला नाही, तो आपण मागतोय.

भिंती ठेवू. वाळवी लागलेले वासे काढून लोखंडी सांगाडा करू आणि धड असलेली कौलं परत चढवू. दीड टन लोखंड धरलं तरी पावणेचार टन कार्बन. न्हाणीघराला ४० गोणी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, किलोला साधारण ०.६ किलो. सव्वा टन. थोडी सळई. सगळं मिळून सहा टनांच्या आत बसतं. ३२ टनांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी! न्हाणीघराच्या स्लॅबमध्ये बेकर करत तसे उरलेल्या कौलांचे फिलर घालू, कारण स्लॅबच्या खालच्या भागातलं बरंचसं काँक्रीट नुसतंच वजन वाढवतं. ते मात्र इंजिनियरला विचारूनच.

आणि दादा, तुझं सोलार? तो सांगाडा त्या वजनाच्या हिशोबाने केला तर त्यावरही बसेल. सोलारसाठी घर पाडावं लागत नाही.

ज्यांना पहिलंच पक्कं घर बांधायचंय त्यांना कार्बनचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी बांधावंच. माझा मुद्दा आपल्यासारख्यांसाठी आहे, जे धड उभं असलेलं घर पाडून नवं बांधतात. शहरात तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती रीडेव्हलपमेंटला जातात, तिथेही कार्पेट एरिया किती वाढणार हे सगळे विचारतात, किती टन सिमेंट जाणार हे कोणी विचारत नाही. डेन्मार्कमध्ये २०२३ पासून नव्या इमारतींना हा हिशोब मांडावा लागतो. आपल्याकडे चुनखडी आणि भाजलेली माती मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या एलसी-थ्री सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालं, ही चांगली गोष्ट. पण सगळ्यात कमी कार्बनचं सिमेंट म्हणजे न वापरलेलं सिमेंट, हे त्यानंतरही खरंच राहणार.

असो. गणपतीत सगळे जमणार आहोतच. दादा, तू प्लॅन आण, मी माझा कागद आणतो. दोन्ही काकूसमोर ठेवू आणि आधी तिला बोलू देऊ. माझ्या बेरजेत चूक असेल तर खाली जरूर लिहा, फक्त आकड्यांसकट.