हानेकेचा रिमेक आणि आपली टाळी

मिखाएल हानेकेने १९९७ साली ऑस्ट्रियात 'फनी गेम्स' केला. दहा वर्षांनी त्याने तोच सिनेमा इंग्रजीत, अमेरिकेत, नेओमी वॉट्स आणि टिम रॉथला घेऊन पुन्हा केला. तोच म्हणजे जवळजवळ जसाच्या तसा: तीच दृश्यं, त्याच चौकटी, तेच संवाद. तळ्याकाठच्या घरी सुट्टीला आलेलं कुटुंब, अंडी मागायला आलेली पांढऱ्या हातमोज्यांतली दोन सभ्य पोरं, आणि मग रात्रभर छळ. (पुढे सगळं कथानक फुटणार आहे.)

२००८ साली हा रिमेक अमेरिकेत लागला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी दोन तक्रारी केल्या. एक, नवीन काहीच नाही, मग केला कशाला? दोन, हिंसा दाखवायची आणि ती बघणाऱ्यालाच दटावायचं, हा ढोंगीपणा आहे. माझ्या मते पहिली तक्रार आळशी आहे आणि दुसरी अप्रामाणिक.

आधी पहिली. मूळ सिनेमाचा रोख अमेरिकी प्रेक्षकावरच होता, असं हानेके सांगत आला आहे. जर्मन सिनेमाचं नाव इंग्रजी आहे ते उगाच नाही. पण सबटायटल्स वाचत सिनेमा बघणारा प्रेक्षक मुळातच निराळा. मी सॉफ्टवेअरवाला आहे. एकच प्रोग्रॅम दोन मशीनवर चालवून पाहायचा असेल, तर मधल्या वेळेत त्यात सुधारणा करायच्या नसतात. केल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. हानेकेने सिनेमा तोच ठेवला आणि प्रेक्षक बदलला. शिवाय थ्रिलरच्या रिमेकमध्ये 'नवीन' म्हणजे बहुतेक वेळा काय असतं? जास्त रक्त, मोठा आवाज, मारण्याची आणखी एखादी तऱ्हा. ते मिळालं नाही म्हणून कुरकुर करणाऱ्याने आपण नेमकं काय मागतोय ते एकदा तपासावं.

आता ढोंगीपणा. लहान मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात, सँडविच करणाऱ्या पॉलवर असतो. आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो. मग रक्त उडालेला टीव्ही, आणि त्यानंतर आई-बापांवर कितीतरी मिनिटं न हलणारा कॅमेरा. 'सॉ' आणि 'हॉस्टेल'च्या त्या जमान्यात याला हिंसेची विक्री म्हणणं म्हणजे कमालच आहे.

गोळी लागून माणूस उडालेला डोळ्यांसमोर दिसतो तो एका प्रसंगात. आई झडप घालून बंदूक उचलते आणि दोघांतल्या एकाला उडवते. आपण सुटकेचा श्वास सोडतो. तेवढ्यात पॉल टीव्हीचा रिमोट शोधतो, सिनेमाच मागे नेतो, आणि या वेळी बंदूक तिच्या हाती लागू देत नाही. १९९७ साली कान महोत्सवात या गोळीला टाळ्या पडल्या आणि रिमोटनंतर सभागृह चिडीचूप झालं, अशी आठवण हानेकेने मुलाखतींत सांगितली आहे.

सगळा राग इथलाच आहे, असं मला वाटतं. मूल मेलं तेव्हा आपण अस्वस्थ झालो. आपल्या पसंतीचा खून परत घेतला तेव्हा मात्र फसवणूक झाल्यासारखं वाटलं. या दोन भावनांतला फरक हाच या सिनेमाचा विषय आहे. हिंसा आपल्याला नकोशी नसते, ती योग्य माणसावर झालेली हवी असते, आणि योग्य माणूस कोण हे दिग्दर्शकाने तासभर आधी ठरवून दिलेलं असतं. प्रेक्षकाला न्याय मिळाल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

एका बाबतीत मात्र मी हानेकेच्या बाजूने नाही. जो उठून जातो त्याला या सिनेमाची गरज नाही, जो थांबतो त्याला आहे, अशा अर्थाचं तो बोलला आहे. हा शुद्ध उद्दामपणा आहे. जो थांबतो तो रक्तासाठीच थांबतो असं नाही. त्या बाईचं काय होतं या काळजीनेही माणूस खुर्चीत बसून राहतो. त्या काळजीला गुन्हा ठरवायचा अधिकार कुठल्याच दिग्दर्शकाला नाही.

पण दिग्दर्शक उद्धट आहे म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. समीक्षकांनी त्याच्या स्वभावाला झोडपलं आणि प्रश्न तसाच ठेवला. आईने मारलेली ती गोळी आपल्याला इतकी गोड का लागली, याचं उत्तर 'रिमेकची गरजच नव्हती' हे नक्कीच नाही.