अध्ययन-निष्पत्तीचे मूल्यमापन : विषयवार गुण पुरेसे आहेत काय?

महाविद्यालयात जे शिकविले गेले ते विद्यार्थ्याच्या ठायी कितपत उतरले, हे जाणून घेण्याचे आपले एकमेव साधन म्हणजे परीक्षा. परंतु परीक्षा एकेका विषयाची होते आणि वैद्य मात्र सर्व विषयांचा मिळून घडतो. द्रव्यगुणात उत्तम, रोगनिदानात उत्तम, कायचिकित्सेत उत्तम अशी गुणपत्रिका हाती असूनही समोरच्या रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून ते चार सुसंगत वाक्यांत लिहिता येत नाही, असे नवपदवीधर आपल्यापैकी अनेकांनी आपल्या चिकित्सालयात पाहिले असतील. हा दोष त्या तरुणांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. जी गोष्ट साडेपाच वर्षांत कोणीच स्वतंत्रपणे तपासली नाही, ती आपोआप येईल अशी अपेक्षा धरणे हेच मुळात अनाठायी आहे.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने २०२२ मध्ये बी.ए.एम.एस. शिक्षणाचे नवे विनियम लागू केले. प्रत्येकी १८ महिन्यांची ३ व्यावसायिक वर्षे आणि त्यानंतर १ वर्षाची आंतरवासिता अशी रचना त्यांत आहे. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात त्या विषयाची अध्ययन-निष्पत्ती नमूद केली असून तिचा संबंध संपूर्ण पदवीच्या निष्पत्तीशी जोडलेला आहे. विद्यार्थ्यास काय माहीत आहे एवढेच न पाहता त्याला काय करता येते हे पाहावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा.

आज बहुतेक ठिकाणी ही निष्पत्ती कशी मोजली जाते? परीक्षेतील गुण घ्यायचे, कोणता प्रश्न कोणत्या निष्पत्तीशी संबंधित हे कोष्टकात मांडायचे, ठरावीक टक्केवारीच्या वर किती विद्यार्थी गेले ते मोजायचे आणि निष्पत्ती साध्य झाली असे लिहून कागद मूल्यांकन समितीच्या फायलीत लावायचा. यात नवीन माहिती कोणती मिळाली? तेच गुण निराळ्या रकान्यांत मांडले गेले, इतकेच. तर्क, संवाद, नोंद, गणित आणि नीती या पाच बाबी कोणत्याही एका विषयाच्या मालकीच्या नाहीत. त्यामुळे सगळ्या विषयांच्या शिक्षकांना त्या आपल्याशा वाटत नाहीत आणि अखेरीस त्या कोणाच्याच राहत नाहीत.

आपल्या आचार्यांनी मात्र हा विचार फार पूर्वी केलेला आहे. एकाच शास्त्राचे अध्ययन करणाऱ्यास त्या शास्त्राचाही निश्चय होत नाही, म्हणून चिकित्सकाने बहुश्रुत असावे, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानात सांगतात. योग्यासूत्रीय अध्यायात तर त्यांनी प्रत्येक कर्मासाठी अभ्यासाचे साधनच ठरवून दिले आहे. छेदनासाठी कोहळा व भोपळ्यासारखी फळे, वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ, सीवनासाठी वस्त्र व मृदू चर्म, बंधनासाठी वस्त्रादिकांची पुरुषाकृती. शास्त्र मुखोद्गत असले तरी ज्याने ही योग्या केलेली नाही तो कर्मास अपात्र, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. चरकाचार्यांनी वैद्याचे जे चार गुण सांगितले, त्यांत शास्त्राचे निर्मळ ज्ञान हा केवळ एक आहे. वारंवार पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता हे उरलेले तीन. विषयवार प्रश्नपत्रिका त्यांतील पहिल्याच गुणाची परीक्षा घेते.

व्यवहारातील उदाहरणे घेऊ. सांधेदुखीचा रुग्ण आला असता विद्यार्थी रुग्णपत्रात आमवात असे लिहितो आणि हेतूच्या रकान्यात ग्रंथोक्त निदानांची संपूर्ण यादी उतरवतो. या रुग्णाने त्यांतील नेमके काय सेवन केले, शूल लहान सांध्यांपासून सुरू झाला की मोठ्या, गौरव, अरुची, ज्वर आहेत की नाहीत, म्हणजेच संधिगतवात किंवा वातरक्त का नव्हे, याचा विचार पत्रात कोठेही दिसत नाही. पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानात प्रत्यक्ष, अनुमान, आप्तोपदेश व युक्ती ही प्रमाणे तो शिकलेला असतो आणि त्यांवर निबंधवजा उत्तरही त्याने लिहिलेले असते. पण ते अनुमान तिसऱ्या वर्षी खाटेपाशी उतरले की नाही, हे कोणी पाहत नाही. रोगनिदान, कायचिकित्सा व पंचकर्म हे विभाग आपापल्या नमुन्यातील रुग्णपत्रे मागतात, आपापल्या परीने गुण देतात आणि ती पत्रे कपाटात जातात.

दुसरे उदाहरण संख्येचे. कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, पल म्हणजे ४८ ग्रॅम आणि प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम, हे भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहाने स्वीकारलेले मान विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु एखाद्या अवलेहाचा पाठ दहापट प्रमाणात करावयाचा झाल्यास, त्यातही द्रवद्वैगुण्याचा नियम कोठे लावावयाचा हे ठरवावे लागल्यास, तो गोंधळतो. आमच्या औषधनिर्माते वाचकांना या गोंधळाची किंमत वेगळी सांगावयास नको. हीच संख्याबुद्धी कौमारभृत्यात बालकाची मात्रा ठरविताना आणि संशोधनपद्धतीच्या विषयात सांख्यिकी वाचताना लागते. तीन विषय, तीन परीक्षा, परंतु क्षमता एकच.

तिसरे उदाहरण संवादाचे. औषधसेवनकालावर दहा गुणांचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी रुग्णास प्राग्भक्त म्हणजे जेवणाआधी हे साध्या मराठीत आणि दोनदा समजावून सांगतो का? वत्सनाभ, कुपीलू यांसारखी अनुसूचित द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावरील सूचना तो वाचतो आणि वाचून दाखवतो का? औषधाने काही अनिष्ट परिणाम झाल्यास त्याची नोंद करून ती कळवितो का? आयुर्वेदादी औषधांच्या सुरक्षिततेची राष्ट्रीय नोंदव्यवस्था २००८ पासून अस्तित्वात आहे. परंतु लिहिण्याची सवय असल्याखेरीज अशी कोणतीही व्यवस्था चालू शकत नाही. आयुर्वेदीय औषधांच्या सुरक्षिततेविषयी बाहेरून आक्षेप येतात तेव्हा उत्तरादाखल आपल्यापाशी नोंदी किती असतात, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा.

सर्व विषयांतून झिरपणाऱ्या अशा क्षमता मोजण्याचा प्रयत्न अन्यत्रही झालेला आहे. अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघटनेने २००९ मध्ये तर्कशुद्ध विचार, लेखन, संख्याबोध, नैतिक विवेक इत्यादी क्षमतांसाठी चार पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेण्याची गरज नसते. विद्यार्थ्याने वर्गासाठी केलेले नेहमीचेच काम घेऊन ते एका समान पट्टीवर तपासावयाचे असते. तेथील सर्व काही येथे आणावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ही एक युक्ती घेण्यासारखी आहे.

आमची सूचना अशी. वर उल्लेखिलेल्या पाच क्षमता निवडाव्यात : निदानात्मक तर्क, रुग्णसंवाद, रुग्णपत्रलेखन, मात्रा व मानाचे गणित आणि वैद्यकीय सद्वृत्त. प्रत्येकीसाठी चार पायऱ्या साध्या शब्दांत लिहाव्यात. प्रत्येक व्यावसायिक वर्षात कोणत्याही दोन विषयांतून विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम जमा करावे. त्यात एखादे रुग्णपत्र, कल्पनिर्मितीची नोंद किंवा शिक्षकासमक्ष झालेला रुग्णसंवाद असू शकेल. ते काम दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने तपासावे. या श्रेणी गुणपत्रिकेत मिळवू नयेत, अन्यथा त्यांचीही घोकंपट्टी आणि वाटाघाट सुरू होईल. पहिल्या वर्षाचा कागद तिसऱ्या वर्षाच्या कागदाशेजारी ठेवला की वाढ झाली की नाही, हे कोष्टकाविना दिसेल. न दिसल्यास दोष विद्यार्थ्याचा नसून शिकविण्यात कोठे दुवा निसटला, याचा शोध घ्यावा.

यावर आक्षेप येतील. शिक्षकांवर आधीच कागदांचा भार आहे, असे म्हटले जाईल आणि ते खरेही आहे. म्हणूनच सर्व विद्यार्थ्यांचे सर्व काम न तपासता थोडक्याच, पण चिठ्ठी टाकून निवडलेल्या कामांची तपासणी करावी. येथे तुकडीचे चित्र हवे आहे, व्यक्तीचा निकाल नव्हे. तर्क आणि सद्वृत्त मोजता येत नाहीत, असा दुसरा आक्षेप. परंतु नाडी, जिव्हा, आकृती पाहून सूक्ष्म भेद ओळखणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांनी असे म्हणावे हे नवल. आपण प्रकृतीचेही परीक्षण करतो, ते तराजूवर नव्हे तर ठरलेल्या लक्षणांवर. दोन परीक्षकांचे मत वारंवार भिन्न येत असेल तर लक्षणे अधिक स्पष्ट लिहावीत, हाच त्यावरील उपाय.

यात आपल्या संघटनेचा वाटा मोठा असू शकतो. पदवीधराचा पहिला खरा परीक्षक महाविद्यालय नसून रुग्ण आहे आणि त्याखालोखाल त्यास सहायक म्हणून ठेवणारे आपण वैद्य व औषधनिर्माते आहोत. त्याला काय येते आणि काय येत नाही हे आपणांस पहिल्या महिन्यातच कळते. परंतु आपण ते घरगुती गप्पांत बोलतो आणि महाविद्यालयांपर्यंत पोहोचवीत नाही. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या सभासदांकडून या पाच क्षमतांवर एका पानाचा अभिप्राय, व्यक्तीचे वा महाविद्यालयाचे नाव न घेता, वर्षातून एकदा मागवावा. त्याचे संकलन जवळच्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांपुढे तद्विद्यसंभाषेसाठी ठेवावे. त्या संभाषेचे स्वरूप संधाय असावे, विगृह्य नव्हे. एका शाखेने जरी आगामी वर्षी हे काम हाती घेतले, तरी शिक्षण आणि व्यवसाय यांच्यातील अबोला दूर होण्यास आरंभ होईल, असा आमचा विश्वास आहे.