ऐंशीव्या वर्षाची रेघ

बारा वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने लंडनमध्ये, हॅरोला, फ्लॅट घेतला तेव्हा मावशीने इकडे पुण्यात पेढे वाटले. पोरीचे स्वतःचे घर झाले, असे आम्ही सगळ्यांनीच धरले. प्रत्यक्षात तिने विकत घेतली होती ती ९३ वर्षे. त्यातली आता ८१ उरली आहेत.

इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट असेच विकले जातात. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, फ्लॅटधारकाकडे फक्त मुदतीचा भाडेपट्टा, म्हणजे लीज. १९९३च्या कायद्याने त्याला मोबदला देऊन मुदत ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क दिला. वाढवल्यावर भुईभाडेही उरत नाही. कायद्याच्या भाषेत ते मिरीचा एक दाणा होते. हक्क चांगला आहे. माझे भांडण मोबदल्यातल्या एकाच रकमेशी आहे. तिला ‘मॅरेज व्हॅल्यू’ म्हणतात आणि ती रद्द झालीच पाहिजे.

ही रक्कम येते कुठून? फ्रीहोल्डरला घर आणखी ८१ वर्षांनी परत मिळणार, तर त्या हक्काची आजची किंमत त्याला द्यावी, हे न्याय्यच आहे. तीन लाख पौंडांचा फ्लॅट धरला आणि रूढ पाच टक्के दराने हिशेब केला, तर ती पावणेसहा हजार पौंडांच्या आसपास येते. शिवाय मधल्या वर्षांचे बुडणारे भुईभाडे. इथवर माझी तक्रार नाही. पण मुदत ८० वर्षांवर किंवा त्याखाली आली की तिसरी रक्कम येऊन बसते. मुदत वाढल्याने फ्लॅटधारक आणि फ्रीहोल्डर यांच्या हक्कांची एकत्रित किंमत जेवढी वाढते, त्या वाढीचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरचा. वर त्याच्या वकिलाचा आणि मूल्यमापकाचा वाजवी खर्चही १९९३च्या कायद्याने फ्लॅटधारकाच्याच माथी मारला.

पूर्वपक्ष म्हणतो, करार वाचून सही केलीत ना? मुदत ठाऊक होती, किंमतही त्या मानाने दिलीत. मुदतीपुरता हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच परतीच्या हक्काचे पैसे द्यायला मी तयार आहे. पण मॅरेज व्हॅल्यू करारात कुठे लिहिलेली नसते. छप्पर, जिना, लिफ्ट यांची दुरुस्ती फ्लॅटधारकांच्या सर्व्हिस चार्जमधून होते. ही वाढीव किंमत निर्माण व्हावी म्हणून फ्रीहोल्डर एक वीटही रचत नाही. खालावलेल्या लीजवर बँका कर्ज द्यायला नाखूष होतात, गिऱ्हाईक मागे फिरते, आणि ती अडचण दूर करून घेणाऱ्याच्याच फायद्यात फ्रीहोल्डर वाटा मागतो. अडल्याकडून घेतलेला पैसा, याहून सौम्य शब्द मला त्याला सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मॅरेज व्हॅल्यू रद्द करणे म्हणजे फ्रीहोल्डरची मालमत्ता हिरावणे. पण ही मालमत्ता असेल तर ती ऐंशीच्या रेघेवरच का जन्मते? ती रेघ संसदेने २००२च्या कायद्यात आखली. त्याहून लांब मुदतीवर ही रक्कम नाहीच, असे ठरवले. जे संसदेने आखले ते संसद पुसूही शकते. लीजवरच्या स्वतंत्र घरांसाठी १९६७चा कायदा झाला, त्यात १९६९ साली दुरुस्ती करून माफक किमतीच्या घरांना ही रक्कम लागणार नाही असे केले गेले. लंडनच्या बेलग्रेव्हियातल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर घराण्याच्या विश्वस्तांनी त्या कायद्याविरुद्ध थेट स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय गाठले आणि १९८६ साली ते हरले. नव्या २०२४च्या कायद्याने फ्लॅटधारकांसाठीही मॅरेज व्हॅल्यू काढायचे आणि मुदतवाढ ९९० वर्षांची करायची ठरवले, तेव्हा फ्रीहोल्डर पुन्हा न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२५मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांचे आव्हान फेटाळले.

एक गोष्ट मी नाकारत नाही. केन्सिंग्टनमध्ये अल्प मुदतीची लीज स्वस्तात घेऊन ठेवणाऱ्या धनवान गुंतवणूकदारालाही या बदलाचा घसघशीत लाभ होईल. पण त्याला अडवण्यासाठी हॅरोच्या परिचारिकेला आणि लुईशमच्या बसचालकाला रेघेखाली उभे ठेवायचे का? धनवानांच्या नफ्यासाठी कर आहेत.

तिसरे म्हणणे हितचिंतकांचे: कायदा झालाय ना, मग थांबा. इथेच लोक फसतात. २०२४चा कायदा मंजूर झाला, फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षे थांबण्याची अट जानेवारी २०२५च्या अखेरीस गेली. पण मॅरेज व्हॅल्यू काढणारा भाग २०२५ संपले तरी लागू झाला नव्हता. कागदावरच्या कायद्यामुळे घड्याळ थांबत नाही. म्हणून सरकारकडे माझी मागणी साधी आहे: तो भाग लागू करण्याची तारीख जाहीर करा, आणि तोवर ज्यांची लीज ऐंशीखाली घसरेल त्यांना ही रक्कम माफ करा.

स्कॉटलंडने २०१२चा कायदा करून अतिदीर्घ मुदतीचे बहुतेक भाडेपट्टे २०१५ साली सरळ मालकीत बदलले. महाराष्ट्रातही १९६३च्या ओनरशिप फ्लॅट कायद्याने बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी असे ठरवले. कन्व्हेयन्ससाठी आपल्याकडच्या सोसायट्या किती खेटे घालतात ते मला माहीत आहे, तरी जमीन राहणाऱ्यांची व्हावी हे तत्त्व निदान आपण मान्य केले.

मावसबहिणीला मी सांगितले, थांबू नकोस. तिने मूल्यमापक गाठला, मुदतवाढीच्या नोटिशीचा मसुदा तयार आहे. तिची लीज मार्चमध्ये ऐंशीवर येते.