हाक मारली, पण ओ आली नाही!

मंडळी, संगणकावर नवी आवृत्ती घातली की जुने चालते काम अडते, हा अनुभव आता घरोघरचा आहे. परवा माझ्याकडे एका वाचनालयाची पुस्तकयादी आली. मराठी आणि कन्नड पुस्तके एकाच यादीत, अगदी आपल्या घरांसारखी! पीएचपी ७ वरून ८ वर नेले आणि यादीऐवजी एकच ओळ दिसू लागली : 'कॉल टू अनडिफाइंड फंक्शन'.

अर्थ सरळ आहे. प्रोग्रॅमने हाक मारली, पण त्या नावाचे घरात कुणी नाही. मात्र याची कारणे दोन असू शकतात. एक तर ते फंक्शन कायमचे निवृत्त झाले, नाही तर नव्या घरी त्याला आणायचेच राहिले.

पहिल्याचे उदाहरण 'मायएसक्यूएल कनेक्ट'. २०१३ साली आवृत्ती ५.५ ने ते जाणार असा इशारा दिला आणि २०१५ च्या डिसेंबरात ७.० ने ते काढून टाकले. २०२० मध्ये ८.० आली आणि 'ईच' गेले. अशा वेळी प्रोग्रॅममधली ती ओळ बदलावीच लागते : पहिल्याच्या जागी 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ', दुसऱ्याच्या जागी 'फॉरईच'.

या यादीत अडले होते ते 'एमबी सबएसटीआर'. ते निवृत्त झालेले नाही. ते 'एमबीस्ट्रिंग' नावाच्या जोडभागात राहते आणि उबुंटूवर प्रत्येक आवृत्तीचा जोडभाग वेगळा घालावा लागतो. ७ चा ८ ला चालत नाही. विंडोजवर 'पीएचपी डॉट आयएनआय' फाइलमधल्या त्याच्या ओळीपुढचा अर्धविराम काढायचा. मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि 'पीएचपीइन्फो'चे पान ब्राउझरमध्येच पाहायचे, कारण कमांडच्या काळ्या खिडकीतले पीएचपी वेगळ्या आवृत्तीचे असू शकते.

''एमबी' काढून नुसते 'सबएसटीआर' लिहा, चूक जाईल,' असा सल्ला कुणी देईल. चूक जाईल खरी, पण अक्षरेही जातील! यूटीएफ-८ मध्ये आपल्या दोन्ही लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना-मात्रा धरून 'बेळगाव'ची ६ चिन्हे म्हणजे १८ बाइट, तर कन्नडमधल्या 'बेळगावि'ची ७ चिन्हे म्हणजे २१. नुसते 'सबएसटीआर' बाइट मोजते. दहाव्या बाइटवर कापले की चौथे चिन्ह अर्धवट तुटते. इंग्रजी नावे ठीक दिसतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि तुटलेले नाव पुन्हा साठवले गेले, तर मूळ नाव त्या यादीतून कायमचे गेले.

तेव्हा ती ओळ दिसली की आधी फंक्शनचे नाव वाचा आणि विचारा : काढले आहे, की बसवायचे राहिले आहे? उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रॅमला हात लावू नका. आणि आवृत्ती बदलण्यापूर्वी यादीची एक प्रत बाजूला काढून ठेवायला विसरू नका.