धारणीतलं चौथं इंग्लिश

मंडळी, आज आधी टेस्ट. पेन नको, फक्त मोबाइल दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि हा उतारा वाचा: 'काल एक लांबुडा गिरपट चिमेल्यावर झिपडत होता. त्याने दोन टुमक्या खिरडल्या.'

प्रश्न पहिला, गिरपट कुठे झिपडत होता? चिमेल्यावर. प्रश्न दुसरा, त्याने किती टुमक्या खिरडल्या? दोन. वा, पैकीच्या पैकी! आता सांगा, गिरपट म्हणजे प्राणी, मशीन की तुमचा बॉस?

अर्थ शून्य, मार्क फुल्ल. शाळेत आपल्यापैकी कित्येकांनी 'कॉम्प्रिहेन्शन पॅसेज' असाच सोडवलाय. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि ओळ उतरवून काढायची. ही सवय पुढे ऑफिसात येते. मेल असतो, 'प्लीज डोन्ट सेंड द फाइल अनटिल आय कन्फर्म, अनलेस द क्लायंट आस्क्स फॉर इट बिफोर फ्रायडे.' आपल्या डोळ्यांना दिसतं काय? 'सेंड', 'फाइल', 'फ्रायडे'. शुक्रवारी सकाळी फाइल रवाना! त्यातला एकही शब्द अवघड नव्हता. गडबड केली ती 'अनटिल' आणि 'अनलेस' या दोन फुटकळ वाटणाऱ्या शब्दांनी.

या खेळाची सगळ्यात अवघड राउंड खेळायला लागते ती धारणीच्या पोरांना. अमरावतीहून परतवाडा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल करत गेलं की मेळघाटातलं हे तालुक्याचं गाव लागतं. पुढे थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश. इथल्या कोरकू घरात बोलायची भाषा कोरकू, बाजारात हिंदी, शाळेच्या पुस्तकात मराठी. 2000 सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आलं. आपल्याला ते नवीन होतं म्हणून भीती वाटायची. कोरकू पोराला त्याच वर्षी मराठीही नवीनच! म्हणजे त्याच्यासाठी दोन्ही पुस्तकांत गिरपटच.

आणि कोरकू म्हणजे मराठीची कुठलीतरी बोली, असं समजू नका. तिचं गोत्र मुंडा, म्हणजे झारखंडकडच्या संथाली-मुंडारीच्या घराण्यातली ती. लांबच्या नातेवाइकांत चक्क व्हिएतनामी आणि कंबोडियाची ख्मेर. ग्रामर तर असं, की आपणच विद्यार्थी व्हावं. मराठीत 'ट्रक आला, बस आली, वाहन आलं' ही तीन लिंगांची कसरत आहे. कोरकूत मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा. त्यामुळे त्या पोराकडून मराठीत 'आला-आली'ची अदलाबदल झाली आणि वर्ग हसला, तर हसणाऱ्यांनी जरा थांबावं. तो चुकत नसतो, तो आपल्या घरचं ग्रामर लावत असतो. आपणही तेच करतो की! 'मला कळत नाहीये'चं थेट 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होतं, कारण मराठी डोक्यात आधीच वाक्य बांधून तयार असतं. मराठीत 'द' नाही, म्हणून तो कधी गळतो, कधी उगाच घुसतो.

म्हणूनच नुसत्या गाळलेल्या जागा भरून ग्रामर बसत नाही. घरची भाषा आणि इंग्लिश शेजारी-शेजारी ठेवून नेमकं कुठे वेगळं होतं ते बघावं लागतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपण भरपूर हसलो, पण मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवायची तिची आयडिया काही वेडी नव्हती. धारणीत हेच करायचं तर गुरुजींना थोडी कोरकू यावी लागेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय. त्यातला 'शक्य तिथे' हा कॉम्प्रिहेन्शनचाच प्रश्न आहे. नीट वाचा, सगळी मेख तिथे आहे.

बरं, तुमचा होमवर्क. इंग्लिश पेपरातला एक पॅरा घ्या, वाचा, पेपर मिटा आणि शेजारच्याला मराठीत सांगा. वऱ्हाडीत सांगितलं तर आणखी उत्तम, तिथे पाठांतर चालतच नाही. मग त्यानं असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर कुठल्याच एका ओळीत सापडणार नाही. असं का झालं? तसं झालं नसतं तर?

आणि एक बोनस प्रश्न. कोरकूत 'आपण दोघं', 'आम्ही दोघं', 'आपण सगळे' आणि 'आम्ही सगळे' यांना चार वेगवेगळी सर्वनामं आहेत. मराठीत आपलं 'आपण' आणि 'आम्ही'वर भागतं. इंग्लिशमध्ये सगळ्यांना मिळून एकच 'वुई'. तर बॉस जेव्हा म्हणतो, 'वुई विल वर्क दिस सॅटरडे', तेव्हा त्यातला 'वुई' यांपैकी कुठला? तो स्वतः येणार आहे का, हे उताऱ्यात दिलेलं नाही.