गुडघा कुणाचा, घाई कुणाची?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला जातो न जातो तोच कोल्हापुरात फुटबॉलचे वारे सुटते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे (केएसए) खेळाडूंची नोंदणी, कोण कुणाला सोडून कुठल्या संघात गेला याच्या कुजबुजी, कुठल्या तालमीने परदेशी खेळाडू आणला याची खातरजमा. शाहू छत्रपती केएसए लीगमध्ये उतरणाऱ्या सोळा संघांच्या ताकदीचे हिशेब मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत मांडले जातात. या हिशेबात दरवर्षी एक बाकी शिल्लक राहते. गेल्या हंगामात गुडघा धरून खाली बसलेला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून शाहू स्टेडियमबाहेर गेलेला कुणीतरी पोरगा असतोच. तो यंदा उतरणार का? उतरला तर पहिल्यासारखा खेळणार का? नाव बदलते, तालीम बदलते, वाद मात्र तोच.

हा वाद कसा चालतो ते ऐकण्यासारखे असते. ‘ऑपरेशन झालंय म्हणं, आता काय ते पहिलं न्हाई राहिलं.’ ‘अरं, सकाळी सरावाला जाऊन बघ जा मर्दा, कसलं पळायलंय!’ ‘पळंल की. पळायला काय हुतंय? वळताना बघ.’

वळताना बघ, हे सांगणारा गृहस्थ डॉक्टर नसतो. बहुधा त्याचे वर्कशॉप नाहीतर पानपट्टी असते. पण पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांचे सामने तीस-चाळीस वर्षे उन्हात बसून बघितलेली ती नजर आहे. बॉल डावीकडून आला की पोरगा अर्धे पाऊल जास्त घेतो, हेडरला उडाला की उतरताना सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, समोरचा अंगावर आला की बॉल लवकर सोडतो, हे त्या नजरेतून सुटत नाही. निरीक्षण शंभर नंबरी असते. चूक होते ती निष्कर्षात. ‘पाय चोरायलंय’, ‘भ्यालंय ते’ असा निकाल गॅलरीतून सुटतो, तो पुढच्या सामन्याआधी पोराच्या घरापर्यंत पोचतो आणि तो खोटा ठरवायला पोरगा पुढच्या रविवारी नको त्या टॅकलमध्ये पाय घालतो.

कोल्हापूरकरांनी असे वाद घालू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. बाकीचा महाराष्ट्र क्रिकेटच्या स्कोअरमध्ये मान खुपसून बसलेला असताना कामाच्या दिवशी दुपारी पेठेच्या संघासाठी स्टेडियम भरवणारे हे गाव आहे. इथल्या मातीतून निघालेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात खेळला, निखिल कदम कोलकात्यात मोहन बागानच्या जर्सीत दिसला. ही पोरे घडली ती अशाच चिकित्सक, तोंडाळ आणि प्रसंगी अत्यंत निर्दय प्रेक्षकांसमोर. (याच प्रेक्षकांतले काही जण पंचांच्या एका शिट्टीवरून दगड उचलतात, ती वेगळी लाज आहे आणि तिच्यावर वेगळे लिहावे लागेल.) खेळाची चर्चा करण्याचा हक्क गावाने तिकीट काढून आणि त्याहून जास्त जीव लावून मिळवला आहे. पण खेळाडूने परत कधी उतरायचे, ही तारीख त्या हक्कात येत नाही. गेल्या काही वर्षांत ती तारीख गॅलरीच ठरवू लागली आहे.

मुळात गुडघ्यात काय होते ते बघू. खेळाडू ज्याला ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात, ती बहुतेक वेळा एसीएलची दुखापत असते. मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या आत तिरके बांधून धरणारा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा हा पट्टा. तो तुटायला समोरच्याची लाथ लागतेच असे नाही. बहुतांश वेळा खेळाडू एकटाच असतो. वेगात असताना पाय रोवून वळतो, नाहीतर उडी मारून वाकडा उतरतो आणि आतून ‘कट्’ असा आवाज येतो. मैदानावर थंड स्प्रे मारला की पाच मिनिटे दुखणे बधिर होते, पोरगा उभाही राहतो, टाळ्या पडतात. खरी सूज रात्री येते.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूची शीर किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा काढून तुटलेल्या जागी बसवतात. ही उसनी शीर अस्थिबंधाचे काम शिकायला वेळ घेते. सुरुवातीला तिला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. शरीर तिला हळूहळू आपलेसे करत असते आणि त्या काळात तिची ताकद वाढण्याऐवजी आधी कमी होते. नेमके याच सुमारास, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, सूज गेलेली असते, दुखणे थांबलेले असते, सरळ रेषेत पळता येऊ लागते. पेठेला वाटते, झाला बरा. पोरालाही तेच वाटते. पळणे आणि वळणे यांतला फरक पानपट्टीवाल्या गृहस्थाला कळला होता, तो इथे कामाला येतो.

यावर आकडे उपलब्ध आहेत. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवले, तितक्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. जगभरच्या अभ्यासांची २०१४ साली झालेली एक मोठी मोजदाद सांगते की, अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्वीच्या पातळीवर परतणारे शंभरात पासष्ट आणि स्पर्धात्मक खेळात परतणारे शंभरात पंचावन्न. म्हणजे ‘ते पहिलं न्हाई राहिलं’ हे वाक्य बऱ्याचदा खरे ठरते. पण न परतण्याच्या कारणांत पुन्हा दुखापत होईल ही धास्ती फार वरच्या क्रमांकावर आहे. गॅलरी ज्याला भित्रेपणा म्हणून हिणवते, त्याला या शास्त्रात मनाची तयारी म्हणतात आणि ती गुडघ्याइतकीच मोजतात.

आता हे नऊ महिने कोल्हापूरच्या हंगामावर ठेवून बघा. डिसेंबरात लीग सुरू होते, मग अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धा एकामागून एक लागतात आणि वळवाच्या पावसापर्यंत बॉल थांबत नाही. जानेवारीत गुडघा गेला, सूज उतरून फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिने भरतात नोव्हेंबरात, नोंदणीच्या तोंडावर. मार्चमध्ये गेला तर लीगचे पहिले सामने हुकणारच. उन्हाने मैदान विटेसारखे कडक झालेले असताना मे महिन्यात गेला, तर पुढची अख्खी लीग बाहेर बसून बघावी लागते. दोन हंगामांच्या फोटोत नसलेला खेळाडू पेठ विसरते, आणि संघ व्यवस्थापन त्याहून लवकर विसरते. मानधन खेळणाऱ्याला मिळते. बसलेल्याला मिळते ती चौकशी.

त्यातून हा पोरगा नुसता तालमीचा नसतो. तो कॉलेजात असतो, शिवाजी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवण्याच्या धडपडीत असतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट पंचविसाची. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी विशिष्ट स्तरावरचे प्रमाणपत्र हवे आणि ते मिळवायला ठरावीक वर्षी, ठरावीक स्पर्धेत खेळलेच पाहिजे. सकाळी कॉलेजचा सराव, दुपारी तालमीचा सामना, सुट्टीत गावोगावच्या सेव्हन-ए-साईड स्पर्धा, सगळे त्याच दोन पायांवर. अशा पोराला ‘नऊ महिने थांब’ म्हणणे सोपे आहे. त्याच्या डोक्यात विशीतले वर्ष, घरचा हप्ता आणि गॅलरीतला आवाज एकाच वेळी चालू असतो. तो घाई करतो ती अक्कल नाही म्हणून नव्हे.

घाई फार मोठ्यांनीही केली आहे. विश्वचषक आला की कोल्हापूर ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटले जाते, म्हणून उदाहरण ब्राझीलचेच घेऊ. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना रोनाल्डोच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखावली. शस्त्रक्रिया झाली आणि पाच महिने भरायच्या आत, १२ एप्रिल २००० रोजी, लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. सात मिनिटांच्या आसपास टिकला. बॉल घेऊन समोरच्याला चकवायला गेला आणि कुणी हात न लावता कोसळला; या वेळी शीर पूर्ण तुटली होती. पुढचे जवळपास दीड वर्ष गेले. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचेच. आपल्या पेठांत गोष्ट सांगितली जाते ती या आठ गोलांची. रोममधल्या त्या सात मिनिटांची आठवण कुणी काढत नाही.

उलट उदाहरण आपल्या देशातले आहे. भारताचा बचावपटू संदेश झिंगन याचा एसीएल ऑक्टोबर २०१९ मध्ये गुवाहाटीतल्या सराव सामन्यात तुटला. त्याचा संपूर्ण आयएसएल हंगाम गेला. पुढच्या हंगामात नोव्हेंबर २०२० मध्ये तो एटीके मोहन बागानकडून परतला, तेव्हा दुखापतीला तेरा महिने झाले होते. त्याच हंगामाअखेर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू ठरवले. झिंगनमागे क्लब होता, डॉक्टर होते, पैसा होता आणि सक्तीच्या टाळेबंदीने मैदानेही बंद केली होती, हे खरे. कोल्हापूरच्या पोरामागे यातले काय आहे?

एकेकाळी बरेच काही होते. इथले बहुतेक नावाजलेले संघ तालीम मंडळांच्या अंगणातून निघाले आणि तालमीत वस्ताद असायचा. पैलवानाचा खांदा निखळला, गुडघा मुरगळला की तो लाल मातीत परत कधी उतरणार हे वस्ताद ठरवत असे. खासबागेत कितीही मोठी कुस्ती ठरलेली असो, वस्तादाने ‘न्हाई’ म्हटले की पैलवानाचा बाप, गावचा पाटील किंवा इनाम लावणारा यांपैकी कुणाचे काही चालत नसे. वस्तादाचे शरीरशास्त्र नेहमी बरोबर असेच असे नाही. हळद-तुरटीच्या लेपाने लिगामेंट जुळत नाही. पण नको म्हणण्याचा अधिकार एका माणसाकडे होता आणि त्याचा दोष घ्यायलाही तो तयार असे. तालमी फुटबॉलकडे वळल्या तेव्हा नाव आले, इर्षा आली, पेठेची इज्जत आली, फक्त तो माणूस मागे राहिला. प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या निकालावर टांगलेली असते. बहुतेक संघांकडे पूर्णवेळ फिजिओ नाही. मग नको कोण म्हणणार?

केएसएला हे यंदाच्या नोंदणीपासून सुरू करता येईल. अर्जावर दुखापतीची आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारणारा रकाना असावा. तो भरलेल्या खेळाडूला अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टच्या सहीशिवाय खेळता येऊ नये. एका पायावर उडी मारून अंतर मोजायची साधी चाचणी जगभर वापरतात. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरली पाहिजे. तिला खडू आणि मोजपट्टी लागते, यंत्र लागत नाही. एवढ्यावर निर्णय होत नाही, मांडीच्या स्नायूची ताकद वेगळी तपासावी लागते. पण जो इथेच पन्नास-साठ टक्क्यांवर थांबतो, त्याला त्या दिवशी घरी पाठवायला हे पुरे. हंगामाआधी स्टेडियमवर एका सकाळी सोळाही संघांची अशी तपासणी होऊ शकते. विद्यापीठाच्या संघनिवडीलाही हाच नियम लावावा, म्हणजे तालमीने थांबवलेला पोरगा कॉलेजच्या जर्सीत मागच्या दाराने मैदानात येणार नाही.

पैशाचा प्रश्न अवघड आहे, पण हे गाव पैशाला कधी मागे हटलेले नाही. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आज नेत्यांच्या नावाचे चषक भरतात, लाखांची बक्षिसे लागतात, विश्वचषकात चौकाचौकांत कटआउट उभे राहतात. प्रत्येक चषकाच्या बक्षिसातला ठरावीक वाटा शस्त्रक्रिया आणि नंतरच्या व्यायामोपचारासाठी बाजूला काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संघाकडून खेळताना जायबंदी झालेल्या पोराचे ठरलेले मानधन त्या हंगामापुरते तरी थांबवू नये. पैसे चालू राहिले तर त्याची निम्मी घाई आपोआप संपेल. खर्च वाढतो म्हणून एखादा संघ एक परदेशी खेळाडू कमी आणेल. आणू दे.

गॅलरीचे यात काही नुकसान नाही. बरा होऊन परतलेला खेळाडू बॉल कसा अडवतो, पास कुठे देतो, संघाने त्याला मधल्या फळीत खेळवावे की बगलेवर, यावर गळे फाडून भांडायला सगळा हंगाम पडला आहे. आणि तेही कमी पडले तर पंच आहेतच.