जनुकोपचार : मर्यादा आणि हक्क

रोग टाळण्यासाठी मानवी जनुकांत फेरफार करावा की नाही, हा वाद पिंपरी-चिंचवडकरांनी परका मानू नये. कारण फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या ज्या सिंधी कुटुंबांनी पिंपरी कॅम्पात नव्याने संसार उभारले, त्यांच्या समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक तुलनेने अधिक आढळतात, आणि माता-पिता दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगग्रस्त निपजण्याची शक्यता चारात एक असते. असे मूल दर दोन-चार आठवड्यांनी हाताला सुई टोचून, रक्ताची पिशवी रिकामी होईपर्यंत तासन्‌तास खाटेवर पडून राहते, आणि त्या रक्तातले लोह यकृतात व हृदयात साचू नये म्हणून औषधांच्या आधाराने जगते.

२०२३ साली ब्रिटनने प्रथम मंजुरी दिलेल्या कॅसजेव्ही या थॅलेसेमियावरील उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी शरीराबाहेर काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांतील जनुकसूत्र नेमक्या जागी छेदून, जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केले जाते. हा बदल त्या एका देहापुरता राहतो, संततीत उतरत नाही. म्हणून धोके समजून घेऊन तो स्वीकारणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे. याउलट, चीनमधील हे जियानकुई नामक संशोधकाने भ्रूणांतच फेरफार केल्याचे आणि त्यांतून जुळ्या मुली जन्मल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हा ज्यांची संमती घेणेच अशक्य अशा भावी पिढ्यांच्या वारशाला हात घातला गेला होता. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने असल्या प्रयोगांना केलेली मनाई सर्वथा रास्त आहे. विशेषतः विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येत असताना.

परंतु मनाईने अर्धेच कर्तव्य पार पडते. अमेरिकेत सुमारे २२ लाख डॉलर किंमत असलेला कॅसजेव्हीचा उपचार चाकणच्या कंत्राटी कामगाराला हयातभर राबूनही परवडणार नाही. पेनिसिलिन देशातच तयार होऊन सामान्यांच्या आटोक्यात यावे, यासाठी सरकारने १९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन केली. आता सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकारावरील स्वदेशी जनुकोपचाराचे तंत्र आयजीआयबी या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले आहे. सरकारी खजिन्यातून उभ्या राहिलेल्या अशा विद्येच्या प्रत्येक करारात रास्त किमतीची अट आणि सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तरतूद असलीच पाहिजे, आणि हेच धोरण थॅलेसेमियालाही लागू व्हावे. नपेक्षा भ्रूणाच्या पावित्र्याविषयीची आपली सारी चर्चा ऐपतदारांच्या दिवाणखान्यापुरतीच उरेल.